अणुऊर्जेचे दूरगामी तोटे: वीज साठ वर्षांची, राखण हजारो वर्षांची



गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला माझ्या मावसभावाने एक रील पाठवली. 'एआयची भूक भागवणार अणुभट्टी' असं काहीतरी. खाली त्याचा मेसेज: "दादा, धूर नाही, कार्बन नाही, २४ तास वीज. मग लोक विरोध का करतात? नक्की प्रॉब्लेम काय आहे?"

रीलमधली बातमी खरी होती. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड इथली बंद पडलेली एक अणुभट्टी पुन्हा सुरू करून तिची वीज डेटा सेंटरसाठी घ्यायचा करार केला. गूगल आणि ॲमेझॉननेही अशाच दिशेने पावलं टाकली आहेत. आपल्याकडे सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुविजेचं लक्ष्य ठेवलंय. आज ती क्षमता ९ गिगावॉटच्या आत-बाहेर आहे. म्हणजे तुम्ही-आम्ही चाळीशी-पन्नाशीला पोहोचेपर्यंत देशात अणुभट्ट्या अकरापट व्हायच्या आहेत. तेव्हा भावाचा प्रश्न फालतू नाही. मी त्याला व्हॉइस नोट पाठवायला घेतली, ती सात मिनिटांची झाली तेव्हा म्हटलं, लेखच लिहूया.

एक गोष्ट आधीच सांगतो. अणुऊर्जेच्या तोट्यांवरचे बरेचसे व्हिडिओ चेर्नोबिलचे फोटो आणि भीतीदायक म्युझिक लावून संपतात. अपघात हा विषय आहेच, पण माझ्या मते मोठी अडचण तिथे नाही. मोठी अडचण आहे ती सगळं सुरळीत चाललं तरी मागे काय उरतं, ही. आणि ते कुणी, किती वर्षं सांभाळायचं, ही.

आधी जमेची बाजू

ती न सांगता पुढे जाणं चुकीचं ठरेल. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या अंदाजानुसार खाणीपासून शेवटपर्यंत सगळं धरून अणुविजेचं कार्बन उत्सर्जन युनिटमागे साधारण १२ ग्रॅम येतं. कोळशाचं येतं ८२० ग्रॅम. जागा कमी लागते, रात्री आणि पावसाळ्यातही वीज मिळते. कोळशाच्या धुराने दरवर्षी जितकी माणसं मरतात त्याच्या जवळपासही अणुविजेचा आकडा जात नाही. हे सगळं मान्य. कुणी म्हणालं की 'अणुऊर्जा कोळशापेक्षा बरी', तर मी वाद घालणार नाही.

आता पुढचं.

ऑफ बटन नसलेलं मशीन

अणुभट्टीचं काम तसं सोपं आहे. युरेनियमचे अणू फुटतात, उष्णता निघते, पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं. फुटलेल्या अणूंचे जे तुकडे उरतात, तीच राख समजा. पण ही राख चुलीतल्या राखेसारखी विझत नाही. ते तुकडे स्वतःच किरणोत्सर्गी असतात आणि फुटत राहतात, तापत राहतात.

म्हणून १००० मेगावॉटची भट्टी बंद केली तरी त्या क्षणी तिच्यात जवळपास २०० मेगावॉट उष्णता तयार होतच असते. तासाभराने ती बरीच उतरते, दिवसाने आणखी उतरते, पण थांबत नाही. तिला पाणी फिरवून थंड ठेवावंच लागतं. आणि पाणी फिरवायला वीज लागते!

११ मार्च २०११ ला जपानच्या फुकुशिमात नेमकं हेच अंगाशी आलं. भूकंप होताच चालू असलेल्या भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या, म्हणजे सेफ्टी सिस्टिमने आपलं काम केलं होतं. पण त्सुनामीच्या पाण्याने डिझेल जनरेटर बुडाले, पंप थांबले आणि 'बंद' असलेल्या तीन भट्ट्या आतल्या आत वितळल्या.

अर्धायुष्य म्हणजे काय? बॅटरी डोळ्यांसमोर आणा

समजा तुमच्या फोनची बॅटरी अशी विचित्र आहे की दर तासाला जितकी शिल्लक असेल त्याच्या निम्मी होते. १०० ची ५०, मग २५, मग साडेबारा. शून्य कधीच होत नाही, फक्त कमी कमी होत जाते. किरणोत्सर्गी पदार्थांचं तसंच. निम्मा व्हायला जो वेळ लागतो ते त्याचं अर्धायुष्य. अशी दहा अर्धायुष्यं गेली की मूळच्या साधारण हजाराव्या भागाइतका पदार्थ उरतो.

आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस. तीन महिन्यांत विषय संपला. सीझियम-१३७ चं ३० वर्षं. हजारावा भाग व्हायला ३०० वर्षं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळात पुरलं असतं तर आज कुठे ते जवळपास निवलं असतं. आणि प्लुटोनियम-२३९? त्याचं अर्धायुष्य २४,१०० वर्षं. दहाने गुणा, २ लाख ४१ हजार वर्षं.

वापरलेल्या इंधनात हे सगळं एकत्र असतं. साध्या पाण्यावर चालणारी १००० मेगावॉटची भट्टी वर्षाला साधारण २० ते २५ टन असं इंधन बाहेर टाकते. कोळशाच्या राखेशी तुलना केली तर हे काहीच नाही, आणि अणुऊर्जेचे समर्थक ते बरोबरच सांगतात. पण भारतातल्या बहुतेक भट्ट्या जड पाण्यावर आणि नैसर्गिक युरेनियमवर चालतात. तेवढ्याच विजेसाठी त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या इंधनाचं वजन कितीतरी पट भरतं. हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

तारापूरची गोष्ट

विषय पुस्तकी वाटायला लागला असेल तर आता आपल्या घराजवळ येऊ. मुंबईच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर, पालघर जिल्ह्यात, भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र आहे. डहाणू लोकलने बोईसरला उतरायचं आणि पुढे रस्त्याने समुद्राकडे जायचं. माझी आत्या बोईसरला राहते. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे गेलो की वीज गेल्यावर घरातलं कुणीतरी हमखास म्हणायचं, "दिव्याखाली अंधार!" तो विनोद तेव्हा कळायचा नाही.

तारापूरची पहिली दोन युनिट ऑक्टोबर १९६९ पासून वीज देऊ लागली. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ती बांधली होती. त्यांना लागणारं समृद्ध युरेनियम अमेरिकाच पुरवणार, असा १९६३ चा करार होता. मग १९७४ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचणी केली. १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा करून इंधनपुरवठा आवळला. तारापूर बंद पडायची वेळ आली. तेव्हा १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन द्यायचं ठरलं, नंतर चीनने दिलं, त्यानंतर रशियाने. एका वीज केंद्रासाठी चार देशांचे दरवाजे! तेलासाठी आखाताकडे बघावं लागतं तसंच हे.

पण खरा पेच होता वापरलेल्या इंधनाचा. करारानुसार अमेरिकेच्या संमतीशिवाय त्यावर प्रक्रिया करता येत नव्हती. संमती मिळेना, आणि अमेरिकेने ते परतही नेलं नाही. आधीचे पाण्याचे हौद भरत आले तशी आवारात आणखी साठवणुकीची सोय करावी लागली. आता विचार करा, १९७५ साली त्या विजेवर कुणीतरी पंखा लावला असेल, रेडिओवर गाणी ऐकली असतील. ती वीज त्याच क्षणी खर्च झाली. तो पंखा भंगारात जाऊनही जमाना झाला असेल. इंधन मात्र राजकारण सुटायची वाट बघत दशकानुदशकं तारापूरला पडून राहिलं. कचऱ्याचा प्रश्न हा नुसता विज्ञानाचा नसतो, करारांचा आणि दोन देशांच्या मूडचाही असतो, हे मला या एका उदाहरणातून जितकं समजलं तितकं कुठल्या चार्टमधून समजलं नाही.

२००५-०६ मध्ये तिथेच ५४० मेगावॉटची दोन देशी युनिट सुरू झाली. त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. पुनर्वसनाची भांडणं वीज सुरू झाल्यानंतरही कोर्टात चालू राहिली. आणि जुनी दोन युनिट पन्नास वर्षं चालल्यावर २०२० पासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवावी लागली. जगातल्या सगळ्यात जुन्या अणुभट्ट्यांमध्ये त्यांची गणना होते. भट्टीचं वय जसं वाढतं तसं तिच्या पोटातलं पोलाद न्यूट्रॉनचा मारा खाऊन ठिसूळ होत जातं, पाइपांना बारीक तडे जायला लागतात. बदलता येतं ते बदलतात. मुख्य पात्र बदलता येत नाही.

"मग रिसायकल का करत नाही?"

करतात की. भारताचं धोरणच ते आहे. वापरलेल्या इंधनातून उपयोगी युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढायचं, पुन्हा वापरायचं, आणि उरलेला जहाल कचरा वितळलेल्या काचेत मिसळून स्टीलच्या डब्यांत ओतायचा. ट्रॉम्बे, तारापूर आणि कल्पाक्कम इथे हे काम चालतं. तारापूरला हे काचेचे डबे ठेवायला हवेवर थंड होणारं खास कोठार आहे. तंत्रज्ञान म्हणून हे खरंच मोठं काम आहे, आपल्या शास्त्रज्ञांचं कौतुक करावं तेवढं थोडं.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, कचरा आकाराने कमी होतो, नाहीसा होत नाही. ते कोठार 'अंतरिम' आहे, म्हणजे काही दशकांसाठी. कायमची पुरण्याची जागा भारताकडे आजही नाही. आपला कचरा अजून कमी आहे म्हणून सध्या तिची गरज नाही, अशी सरकारची भूमिका राहिली आहे. ९ गिगावॉटला ते कदाचित चालून जाईल. १०० गिगावॉटला?

दुसरी गोष्ट, वेगळं काढलेलं प्लुटोनियम विजेला चालतं तसं बॉम्बलाही चालतं. १९७४ च्या चाचणीतलं प्लुटोनियम शांततेच्या कामासाठी म्हणून मिळालेल्या सायरस या संशोधन भट्टीतूनच आलं होतं. त्यामुळे कुठल्याही देशाने असा कारखाना काढला की शेजाऱ्यांच्या भुवया उंचावतातच. शिवाय हे काम अवघड इतकं, की जपानने रोक्काशो इथे १९९३ मध्ये बांधायला घेतलेला कारखाना १९९७ मध्ये पूर्ण होणार होता. त्याची तारीख वीसहून जास्त वेळा पुढे गेली आहे.

पुरायचं कुठे?

जगात या प्रश्नाचं सगळ्यात पक्कं उत्तर फिनलंडने दिलंय. ओल्किलुओटो बेटावर, १९० कोटी वर्षं जुन्या खडकात, साधारण ४३० मीटर खोल बोगदे खणलेत. प्रकल्पाचं नाव 'ओंकालो'. तांब्याच्या जाड डब्यात इंधन, भोवती पाणी लागलं की फुगणारी बेंटोनाइट माती, मग खडक. २००४ मध्ये खोदकाम सुरू झालं, २०२४ मध्ये चाचणी सुरू झाली. हिशोब एक लाख वर्षांचा धरलाय. आणि हे जमलं कशामुळे? लोकसंख्या थोडी, खडक भक्कम, आणि स्थानिक पालिकेला नकार द्यायचा अधिकार होता, तिने तो वापरला नाही.

बाकीच्यांची कथा वेगळी. अमेरिकेने १९८७ मध्ये नेवाडातला युक्का माउंटन हा डोंगर निवडला. १९९८ पासून सरकार कंपन्यांकडून कचरा उचलणार, असं कायद्यात लिहिलं. नेवाडाच्या लोकांनी शेवटपर्यंत विरोध केला आणि ओबामांच्या काळात पैसा थांबवून प्रकल्प गुंडाळला गेला. आज तिथे ९०,००० टनांच्या आसपास वापरलेलं इंधन सत्तरहून जास्त ठिकाणी पडून आहे. सरकारने कचरा उचलला नाही म्हणून कंपन्या कोर्टात जातात आणि जनतेच्या करातून अब्जावधी डॉलरची भरपाई घेतात.

जर्मनीने आस्से नावाच्या जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात सव्वा लाखावर पिंपं उतरवली. तिथल्या कचऱ्याची तीव्रता कमी होती. मीठ कोरडं असतं, सुरक्षित आहे, असं म्हणाले. नंतर खाणीत पाणी झिरपायला लागलं. आता ती पिंपं परत वर काढायची आहेत, आणि ते काम पुरण्यापेक्षा कितीतरी कठीण आणि महाग आहे.

माझं सगळ्यात 'आवडतं' उदाहरण मात्र न्यू मेक्सिकोचं. तिथे अमेरिकेच्या अण्वस्त्र कार्यक्रमाचा कचरा मिठाच्या थरात पुरतात. वीज केंद्राचा नव्हे, पण पुरण्याची पद्धत तीच. १० हजार वर्षं सुरक्षित राहील असा आराखडा. १९९९ मध्ये सुरू झालं आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये एक पिंप फुटलं. कारण? कचऱ्यातला ओलावा शोषायला मांजरांच्या शी-शूसाठी वापरतात ती 'लिटर' घातली जायची. नेहमीची मातीची लिटर न घालता कुणीतरी गव्हापासून बनवलेली 'ऑरगॅनिक' लिटर घातली. तिची आतल्या नायट्रेटशी रासायनिक क्रिया झाली, पिंप तापलं, फुटलं. जवळपास तीन वर्षं काम बंद. दहा हजार वर्षांचा आराखडा, आणि पंधराव्या वर्षी खरेदीतली चूक!

हजार वर्षांनी ती पाटी वाचणार कोण?

हा भाग वाचताना मी स्वतः थबकलो होतो. पुरलं समजा. पण वरून पुढच्या लोकांना 'इथे खणू नका' हे सांगायचं कसं? अमेरिकेने यासाठी १९८० आणि ९० च्या दशकात भाषातज्ज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ, कलाकार यांच्या समित्या बसवल्या होत्या. कुणी म्हणालं जमिनीतून बाहेर आलेले प्रचंड काटे उभारा. युरोपातल्या दोघांनी सुचवलं की किरणोत्सर्ग झाला की रंग बदलतील अशी मांजरं तयार करा आणि 'मांजराचा रंग बदलला की पळा' अशा म्हणी-गाणी रुजवा. (पुन्हा मांजर!) काही जणांचं म्हणणं, खूणच ठेवू नका, कारण खूण दिसली की माणूस खणतोच.

हे हास्यास्पद वाटत असेल तर आपल्याकडचे गद्धेगाळ आठवा. कोकणात, ठाणे-रायगडात, देशावरही सापडणारे हे दगड शिलाहार-यादवांच्या काळातले. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढवाचं अश्लील शिल्प. अर्थ सरळ होता: हे जमिनीचं दान चंद्र-सूर्य असेपर्यंत टिकायचं आहे, जो मोडेल त्याला ही शिवी. म्हणजे लिहिलेलं वाचता आलं नाही तरी चित्रावरून धमकी कळावी, अशी सोय. जवळजवळ अमेरिकन समितीसारखाच विचार, तोही हजार वर्षं आधी.

आणि झालं काय? हजार वर्षंसुद्धा तो निरोप टिकला नाही. काही गावांत त्या दगडाला शेंदूर लावून देव म्हणून पुजतात. काही ठिकाणी अपशकुनी समजून फोडला, काही ठिकाणी तो पायरीत बसवला. कुठली जमीन, कुणाचं दान, कुणाला ठाऊक नाही. नाणेघाटातला सातवाहनांचा ब्राह्मी लेख दोन हजार वर्षांचा. मधली कित्येक शतकं तिथून जाणाऱ्या एकालाही तो वाचता येत नव्हता. इतकं कशाला, मोडीतलं पणजोबांचं खरेदीखत तुमच्या घरात कुणाला वाचता येतं? माझ्या घरात नाही येत. मोडी शाळेतून जाऊन शंभर वर्षंही झालेली नाहीत.

भट्टी मोडायचा खर्च

जुनी इमारत पाडायला जेसीबी लागतो. अणुभट्टी पाडायला पन्नास वर्षंही लागू शकतात, कारण आतलं काँक्रीट आणि पोलादही किरणोत्सर्गी झालेलं असतं.

भारतात यासाठी अणुविजेच्या दर युनिटमागे २ पैसे बाजूला काढले जातात. चला, हिशोब करू. ५४० मेगावॉटचं युनिट वर्षातला ८० टक्के वेळ चाललं तर साधारण ३७८ कोटी युनिट वीज. त्याचे २ पैशांनी साडेसात कोटी रुपये. चाळीस वर्षांचे ३०० कोटी, वर व्याज. आता कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रेच्या दोन भट्ट्या मोडायचा आणि तिथलं इंधन सांभाळायचा अंदाज आहे ४.४ अब्ज डॉलर. तिथली युनिट मोठी, मजुरी महाग, तुलना तंतोतंत नाही, हे मान्य. तरी दोन आकड्यांमधली दरी मजुरीने भरून निघेल असं मला वाटत नाही. भारताने एकही व्यापारी अणुभट्टी अजून पूर्णपणे मोडलेली नाही. रावतभाट्याचं पहिलं युनिट २००४ पासून बंद आहे, तरी उभंच आहे. त्यामुळे हे २ पैसे पुरणार की नाही, ते आपली पिढी किंवा आपली मुलं बघतील.

ब्रिटनमध्ये सेलाफिल्डची सफाई चालू आहे. तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांच्या २०२४ च्या अहवालात अंदाज आहे १३६ अब्ज पौंडांचा, आणि काम संपायचं वर्ष दिलंय २१२५. त्यात बॉम्बच्या जमान्याचाही कचरा आहे, तरी ज्यांनी त्या विजेचा एक दिवाही लावला नाही ते लोक बिल भरतायत.

फुकुशिमात तर तीन भट्ट्यांत मिळून अंदाजे ८८० टन वितळलेलं इंधन आहे. त्यातला पहिला नमुना बाहेर आला नोव्हेंबर २०२४ मध्ये, अपघातानंतर तेरा वर्षांनी. वजन ०.७ ग्रॅम. तांदळाचे काही दाणे समजा.

जैतापूर आणि वेळेचा घोळ

रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यातल्या माडबनला १६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट, असा प्रकल्प ठरला. झाला तर जगातला सगळ्यात मोठा. २०१० मध्ये करार झाला. आंबा, मासेमारी, भूकंप यावरून जोरदार आंदोलनं झाली. एप्रिल २०११ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. त्यानंतर एवढी वर्षं उलटली, एक युनिट वीज आलेली नाही.

हा दोष फक्त आंदोलनाचा, असं म्हणणाऱ्यांनी त्याच मॉडेलची भट्टी खुद्द फ्रान्समध्ये कशी बांधली गेली ते बघावं. फ्लामनव्हिलला २००७ मध्ये काम सुरू, २०१२ मध्ये वीज मिळणार होती, खर्च ३.३ अब्ज युरो. प्रत्यक्षात डिसेंबर २०२४ मध्ये ती ग्रिडला जोडली गेली, खर्च चौपट. फिनलंडची तशीच भट्टी २००९ ऐवजी २०२३ मध्ये नियमित सुरू झाली. एवढ्या काळात फोन तर सोडाच, गावोगावी सोलर पॅनल किती स्वस्त झाले ते तुम्हीच बघितलंय. अडकलेला पैसा दुसऱ्या कामाला मिळत नाही, आणि भट्टी येईपर्यंत कोळसा जळत राहतो. ज्या कारणासाठी ती हवी होती तेच मार खातं.

युरेनियम येतं कुठून?

थोडक्यात सांगतो. झारखंडमधल्या जादुगोड्याला १९६० च्या दशकापासून खाण आहे. तिथल्या टनभर खडकातून किलोभरही युरेनियम निघत नाही. बाकी सगळा चुरा चिखल होऊन तळ्यांत साठतो, आणि मूळ खडकातली बहुतेक किरणोत्सारिता त्यातच राहते, कारण रेडियम आणि थोरियम मागेच उरतात. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं, थोरियम-२३० चं ७५ हजार वर्षं. त्या तळ्यांच्या शेजारी संथाळ आणि हो आदिवासींची वस्ती आहे. त्यांच्या घरात त्या विजेचा बल्ब किती लागला, हा प्रश्न 'स्वच्छ ऊर्जा' लिहिलेल्या पोस्टरवर नसतो.

थोरियम आणि छोट्या भट्ट्या आल्या की सगळं सुटेल ना?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच. थोरियमने प्लुटोनियमसारखा दीर्घायुषी कचरा कमी होतो हे खरं, पण अणू फुटला की सीझियम-स्ट्रॉन्शियमसारखे तुकडे होतातच, म्हणजे तीनशे वर्षांची राखण आली. शिवाय थोरियमच्या वाटेवरची कल्पाक्कमची ५०० मेगावॉटची ब्रीडर भट्टी २००४ मध्ये बांधायला घेतली, २०१० ची तारीख होती, आणि तिचा गाभा भरायला सुरुवात झाली ती २०२४ मध्ये.

छोट्या भट्ट्यांचं म्हणाल, तर आकार लहान झाला की न्यूट्रॉन जास्त निसटतात आणि आजूबाजूचं पोलाद जास्त बिघडवतात. २०२२ मधल्या एका अमेरिकन अभ्यासाने दाखवलं की तेवढ्याच विजेसाठी काही छोट्या डिझाइनमध्ये कचऱ्याचं आकारमान उलट वाढतं. नूस्केल कंपनीचा अमेरिकेतला पहिला प्रकल्प विजेचा दर ५८ डॉलरवरून ८९ डॉलरवर गेल्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द झाला.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या संसदेने केलेल्या शांती कायद्याने खासगी कंपन्यांनाही या क्षेत्रात वाट मोकळी झाली आहे. कंपनीचं आयुष्य किती असतं? नोकिया आठवतोय ना? जबाबदारीची रक्कम, मोडतोडीचा निधी आणि कचऱ्याची अंतिम जागा या तीन गोष्टी करारात कुठे लिहिल्यात, ते बातमीत शोधायची सवय लावा. मेगावॉटचा आकडा हेडलाइनमध्ये असतोच.

भावाला लिंक पाठवली तर त्याचा रिप्लाय आला: "बरं दादा, मग रात्रीची वीज कुठून आणायची?" बरोबर विचारलंय पठ्ठ्याने. सोलरची वीज साठवणाऱ्या बॅटऱ्या आणि डोंगरावर पाणी चढवून ठेवणारे पंप्ड स्टोरेज प्रकल्प, यावर पुढचा लेख लिहितोय. त्यांचेही तोटे आहेत, तेही सांगेन.